खरवडलेली सावली

२ फेब्रुवारी, सोमवार
शहापूर, बेळगाव

आज दुपारी पोचलो. निपाणीच्या स्टँडवर आईने भाकरी-झुणक्याचा डबा हातात दिला आणि बस हलेपर्यंत पोचल्यावर फोन कर म्हणून सांगत राहिली. संकेश्वरपर्यंत उभा होतो, पुढे खिडकी मिळाली. घाटात वारा इतका गार की काच ओढून घेतली. ही नवी वही आजपासून. रोज लिहिलं की डोक्यातली काळजी कागदावर उतरते, आणि शुद्धलेखनही बिघडत नाही. शाळा अकरावीत सुटली, पण लिहिणं नीटच लिहायचं असं मी ठरवलं आहे.

ज्यांच्या घरी कामाला आलो त्या वासंतीबाई हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. आता सत्तरी उलटली आहे. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांनी चहाबरोबर खव्याचा कुंदा दिला आणि मंथन हे नाव कुणी ठेवलं ते विचारलं. शेजारी सुबरावअण्णांचे यंत्रमाग आहेत. ते भिंतीवरूनच बाईंना म्हणाले, निपाणीचा पोरगा म्हंजे तंबाखूचा वास, घरात घेतलासा, आता शिंकत बसा. बाई हसल्या. मी सांगितलं की आमच्याही घरी मागच होते, तंबाखू नव्हे. तसे अण्णा खूश झाले आणि मला आपल्यातलाच म्हणाले.

काम असं आहे. माडीवरच्या खोलीत एक मोठं तैलचित्र आहे, दीडशे वर्षांच्या आसपासचं. बाईंच्या सासऱ्यांचे आजोबा वकील होते. त्यांच्याकडे उतरलेल्या एका फिरत्या चित्रकाराने ह्याच खिडकीत बसून खालची गल्ली रंगवली. आता काजळीने आणि पिवळ्या पडलेल्या रोगणाने सगळं काळं झालं आहे. निपाणीत भावकूअण्णांच्या फ्रेमच्या दुकानात मी अशी जुनी चित्रं साफ करायला शिकलो, त्यांनीच माझं नाव सुचवलं. बाईंना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. त्यांना एवढंच हवं आहे की डोळे जायच्या आधी त्या चित्रातला उजेड एकदा स्वच्छ बघायला मिळावा.

खालून मागांचा खडखडाट येतो आहे. घरी असल्यासारखं वाटतं. आज झोप चांगली लागेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

कापसाचे बोळे करून एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. बोळा ओला करायचा, हलक्या हाताने गोल फिरवायचा, काळा झाला की टाकून दुसरा घ्यायचा. दुपारपर्यंत तळहाताएवढी जागा निघाली आणि मी काम थांबवून नुसता बघत बसलो.

गल्लीच्या पश्चिमेच्या टोकाला सूर्य टेकलेला आहे. तो दिसत नाही, घरांच्या आड आहे, पण त्याचं ऊन गल्लीभर आडवं आलं आहे. आई ह्याला हळदीचं ऊन म्हणते. डावीकडच्या भिंती त्यात उजळल्या आहेत, उजवीकडच्या निळ्या पडल्या आहेत. परतलेल्या गुरांची धूळ हवेत आहे आणि चित्रकाराने ती धूळसुद्धा उजेडाने रंगवली आहे. नागुबाई घरकाम करतात. त्या झाडू हातात धरूनच म्हणाल्या, लई वर्सांनी हितं उजेड पडला बघा.

बाईंना खुर्ची चित्राजवळ आणून दिली. त्या अगदी नाक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या की रंग हळदीचा आहे, पण ऊन लग्नातलं नाही. काय आहे ते त्यांना सांगता आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाईंचं म्हणणं कळलं. माणसं निघाली. एक शेळी खुंटीला बांधलेली. पुढे एक विणकर रस्त्यातच सूत ताणून त्याला खळ लावतो आहे. आमचे आजोबा असंच गल्लीत सूत ताणायचे. त्याच्या पुढे डोक्यावर टोपली घेतलेली बाई. अगदी जवळ, खालच्या कोपऱ्यात, ह्याच घराच्या बाहेरचा कट्टा आणि त्यावर बसलेली म्हातारी. गल्लीत चार जीव आहेत आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे उन्हाकडे पाठ करून आहेत, जणू ते ऊन अंगाला लागू नये अशी त्यांची धडपड आहे.

आणि एक माणूस. तो गल्लीच्या पार टोकाला, उन्हाच्या तोंडाशी उभा आहे. धोतर, उघडं अंग, उजव्या हातात सत्तूर. खाटकाचा असावा. पात्याच्या धारेवर तेच पिवळं ऊन एका रेघेत पकडलं आहे. चेहरा अंधारात आहे, कारण सूर्य मागे आहे.

सगळ्यांच्या लांब सावल्या आपल्या दिशेने आल्या आहेत. त्या माणसाला सावली नाही. तिथे रंग खरवडलेला आहे, खालचा कॅनव्हास उघडा पडला आहे. पायांपासून गल्लीच्या मधोमध लांब उघडा पट्टा.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी सांगून ठेवलं आहे, तेवढी जागा आहे तशी राहू दे. भरायची नाही. बाकी हवं ते कर.

७ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस त्या पट्ट्याने माझं डोकं खाल्लं.

मागावर तार तुटली की माग थांबवून ती सांधायची, हे वडिलांनी चालता येण्याआधी शिकवलं. तुटलेली तार बघून पुढं जाणारा विणकर न्हवं, असं ते म्हणायचे. न सांधता पुढे गेलं तर कापडात शेवटपर्यंत रेघ पडते. हे चित्रही मला तसंच दिसतं. सगळा उजेड बरोबर विणलेला आणि मधे एक तार गायब. बाईंना डोळ्यांनी इतकं बारीक दिसत नाही. त्यांनी शेवटचं बघायचं ते अपुरं का बघावं.

आज त्या देवळात गेल्या असताना भरून टाकलं. सावली नेमकी कशी पडेल हे कळेना, म्हणून पश्चिमेच्या खिडकीत उभा राहिलो. ऊन तसंच आडवं येत होतं. उजव्या हातात सत्तुरासारखी लाकडी पट्टी धरली. जमिनीवर माझी सावली पडली तिच्याभोवती वाकून वाकून खडूने रेघ काढली आणि तोच आकार लहान करून चित्रात उतरवला. रंग असा जुळला की मलाच जोड सापडेना.

बाई आल्यावर चित्रासमोर बराच वेळ बसल्या. आता गल्ली भरल्यासारखी वाटते, म्हणाल्या. पट्टा भरल्याचं मी सांगितलं नाही. छान वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सुबरावअण्णांची शेळी कुणीतरी मारली.

दिवस मावळताना खाली ओरडा झाला. दारापुढे शेळी दोन तुकड्यांत पडली होती. खुंटीची दोरी शाबूत. पाठीच्या कण्यातून एकाच घावात कापलेली, मागचे पाय अजून झाडत होते. अण्णा म्हणाले, वाटणीचा राग कुणीतरी काढला असंल, भावकी आमची तसलीच हाय. नागुबाईंनी रक्तावर माती टाकली.

वर आलो तर चित्रातली शेळी आडवी होती. सत्तूरवाला गल्लीच्या टोकाशी नव्हता. शेळीच्या अलीकडे आला होता. त्याच्या पुढे सावली.

मी रोगण पुसताना काही चुकलं असेल. आधी आडवीच रंगवलेली असेल आणि मी नीट बघितलं नसेल. मी तर नीट बघतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

सावलीवर मातीचा रंग मारला. वाळेपर्यंत जवळ बसलो. जेवून आलो तर तो रंग ओघळून फ्रेमच्या तळाला साचला होता आणि सावली होती तशीच.

बाईंना सांगायला हवं. धीर होत नाही. त्या सकाळी म्हणाल्या की इतक्या वर्षांत कुणी त्यांच्यासाठी इतकं मन लावून काम केलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी नीट लिहितो.

सूर्य मावळला होता. गल्ली निळी पडली होती. मी खिडकीत होतो, बाई माझ्या मागे खुर्चीत. मग गल्लीच्या टोकाकडून पिवळा पट्टा परत आला. मावळलेलं ऊन पुन्हा आलं. हळदीचं. अण्णांच्या मागांच्या कारखान्याच्या दारापर्यंत आलं आणि थांबलं. अण्णा बाहेर आले, वर बघून मला हाक मारली, काय रं, सूर्य इसरला काय काहीतरी. हसत होते.

त्यांच्या पायाशी सावली होती. लांब, उभी, हातात सत्तूर. रस्त्यात माणूस कुणी नव्हता. नुसती सावली जमिनीवर. तिने हात वर केला.

अण्णांच्या खांद्यापासून छातीपर्यंत अंग उघडलं. आवाज लाकूड फोडल्यासारखा आला. ते खाली बसले आणि स्वतःचा हात जागेवर दाबून धरायला लागले, तो धरवत नव्हता. सावलीने पुन्हा हात उचलला. मग पुन्हा. अण्णा पडल्यावरही. माग चालूच होते, त्यामुळे आतल्या कुणाला ऐकू गेलं नाही. मी ओरडलो की नाही आठवत नाही. बाई विचारत होत्या, काय झालं, कसला उजेड आहे हा.

पट्टा मागे सरला. मग अंधार झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोलीस आले होते. फौजदारांनी कन्नडमध्ये विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. सावलीचं सांगितलं नाही. बाई म्हणाल्या की पोरगा माझ्यासमोरच खिडकीत उभा होता. तरी मला शहर सोडून जायला मनाई केली आहे.

चित्रात खळ लावणारा विणकर सुतावर पालथा पडला आहे. सूत लाल झालं आहे. तो लाल माझ्या पेटीत नाही.

आता क्रम दिसतो. शेळी झाली. विणकर झाला. पुढे टोपलीवाली. मग कट्ट्यावरची म्हातारी. ह्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी वासंतीबाई बसतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. पायाशी बसून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच फार वाईट वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या चित्रकाराने ह्या गल्लीत असा एक दिवस पाहिला होता, एका माणसाने उन्हं उतरताना दिसेल त्याला तोडलं, आणि त्याने ते होण्याच्या आधीचा क्षण रंगवला. पुढे घरात माणसं मरायला लागली, सगळी कातरवेळीच. सासऱ्यांनी चित्र अंगणात जाळायला घेतलं. फ्रेमचा कोपरा पेटला आणि त्याच वेळी शेजारचं घर पेटलं, आत बाळंतीण होती. म्हणून त्यांनी सावली खरवडली. ज्याला सावली नाही त्याला जमिनीवर पाऊल टेकता येत नाही. हे सगळं आपल्याला अर्धवटच खरं वाटायचं, म्हणून तुला नीट सांगितलं नाही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, खरवड बाळा.

नागुबाईंना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पगार कापतासा काय बाई, आणि हसत गेल्या.

पातं घेऊन बसलो. आधी सत्तूर खरवडला. सहज निघाला. आता हातात काही नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. मग सावलीची टाच खरवडली.

माझी टाच फाटली. मोज्यात गरम झालं. मोजा काढला तर टाचेचं कातडं सालीसारखं सुटलेलं आणि आत पांढरं दिसत होतं.

सासऱ्यांच्या वेळी ती सावली ज्याची होती तो कधीच मेलेला होता. ही माझी आहे. मी खडूने काढून घेतलेली.

थांबलो. सत्तूर तर गेला ना. तेवढं पुरे होईल. बाईंना सांगितलं, झालं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरे झालं नाही.

नागुबाई आल्या. बाईंना डोळ्यांनी दिसत न्हाय, भाकरी कोण थापणार, म्हणून भाजीची टोपली घेऊन आल्या. मी खिडकीतून ओरडलो, परत जा. त्यांनी वर बघितलं. पायाखाली पिवळं ऊन आलं.

सावली लंगडत होती. माझ्यासारखी, त्याच पायाने. हात रिकामे. तिने त्यांच्या सावलीचं डोकं धरलं आणि

नागुबाईंचा जबडा आधी निखळला. मग मान फिरली, नको तेवढी. टोपलीतल्या वांग्यांवर

मी तेव्हाच खरवडली असती तर. टाचेच्या कातड्यासाठी मी थांबलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

नागुबाईंसाठी पोलीस रात्री येऊन गेले. शहर सोडायची मनाई असली तरी बाईंना रिक्षात घालून सांबऱ्याला त्यांच्या भाचीकडे निघालो. सकाळचं कोवळं ऊन होतं. विमानतळाच्या अलीकडे ते पिवळं पडलं, आडवं झालं. रस्त्यावर रिक्षाच्या पुढे माझी सावली. मी आत बसलेलो. रिक्षावाल्याला वळव म्हणालो. तो म्हणाला, काय वो, भूत बघितलासा काय. मग त्यालाही दिसलं. काचेवर एक हात टेकला आणि काच फुटली. त्याच्या तोंडात काचा. तरी त्याने रिक्षा वळवली, तोंड धरून, शेवटपर्यंत चालवली.

कुठेही नेलं तरी तीच गल्ली आहे. चित्रात म्हातारी आता कट्ट्यावर नाही. आत माडीवर आहे, खुर्चीत.

दुपार

चित्र जमिनीवर आडवं घेतलं आहे. पातं नवं लावलं. तोंडात टॉवेल.

दोन्ही पावलं झाली. जमीन निसरडी झाली आहे. पोटऱ्या झाल्या.

बाई समोर बसून आहेत. त्यांना वास येतो आहे. काय करतोस विचारतात. रोगण काढतो आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, आता पुरे, मी म्हातारी आहे, माझं किती राहिलं आहे. पातं दे इकडे, म्हणाल्या. नाही दिलं.

पाय गेले तरी सावली थांबली नाही. आत्ताच बघितली. चित्रात ती हातांवर रांगते आहे.

म्हणजे हात.

संध्याकाळ

डावा हात खरवडायचा प्रयत्न केला. बोटं गेली. दोन. अंगठा राहू दिला. वही धरायला.

ऊन जिन्यावर आलं. पायरीपायरीने. धूळ दिसते त्यात, चित्रातलीच.

सुंदर आहे. बाईंनी तोंड तिकडे केलं आहे, त्यांना दिसतं आहे बहुतेक. केवढा उजेड, म्हणाल्या.

उजवा हात राहिला. तोच सत्तुराचा. खांद्यापासून खरवडायचा. पातं दातात धरून जमेल. एकदाच ओढायचं, मधे थांबायचं नाही —

उंबऱ्यावर आली. बाईंच्या खुर्चीकडे —

पातं दातात धरलं. हात आहे तोवर लिहितो. आधी खांदा, मग

सुटतोय. रंग सुटतोय. बाई, खुर्चीतून उठू न —